गारवा सुरू होताना विणकाम आणि शिवणकाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवा बदलली, दिवस लहान व्हायला लागले की सुया-लोकर आणि मशीन बाहेर निघतात आणि तेच तेच प्रश्न परत यायला लागतात. ते इथे एका जागी केलेत. सुरुवातीला अगदी बेसिक आहेत, किचकट भानगडी शेवटी. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. थंडी पडायला अजून वेळ आहे, मग आत्तापासून सुरुवात करायची गरज आहे का?

हो, आणि डोक्यात स्वेटर असेल तर आजपासूनच करा. जरा हिशोब मांडून बघा. मध्यम जाडीच्या लोकरीत मोठ्या माणसाचा स्वेटर म्हणजे पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी साधारण ११० टाके आणि १७० ओळी, हेच झाले ३७,४०० टाके, वर दोन बाह्यांचे १६,००० धरा, म्हणजे सगळे मिळून ५३,००० च्या आसपास. मिनिटाला २५ टाके असा बऱ्यापैकी हात बसलेला असला तरी ३५ तास लागतात, रोज एक तास मिळाला तर पाच आठवडे, आणि त्यात भाग जोडणं, धुणं, वाळवणं अजून आलंच नाही. नवशिक्यांचा वेग याच्या निम्मा असतो आणि त्यात काही वावगं नाही. मफलर त्याच हिशोबाने १३ तासांच्या आसपास होतो, टोपी चार-साडेचार तासांत.

म्हणून माझं मत असं की पहिल्या गारव्याला टोपी सुरू करा, ती थंडीच्या आधी डोक्यावर येते आणि पूर्ण झालेली वस्तू हातात आली की पुढचं मोठं काम घ्यायला हुरूप येतो. सगळ्यात जास्त कामं अर्धवट राहतात ती सुरुवातीलाच डोंगराएवढं काही घेतल्यामुळे.

२. मला दोन्हीतलं काहीच येत नाही. आधी विणकाम शिकू की शिवणकाम?

चुकायची भीती वाटत असेल तर विणकाम, कारण बिघडलं की उसवायचं आणि त्याच लोकरीत परत विणायचं, नुकसान फक्त वेळेचं. कापड एकदा कापलं की कापलं. शिवाय विणकाम मांडीवर मावतं, शिवायला मात्र टेबल, कापायला सपाट जागा, इस्त्री असं सगळं लागतं. पण एका दुपारीत काहीतरी पूर्ण व्हायला हवं असेल तर शिवणकाम घ्या, फ्लीसचा (मऊ, लवदार सिंथेटिक कापड) गळपट्टा दोन-तीन तासांत होतो.

विणायला सुरुवातीला चारच गोष्टी यायला हव्यात: टाके घालणं, सुलट टाका, उलट टाका आणि टाके बंद करणं. खरंतर सगळ्या ओळी सुलटच विणल्या तरी छान मफलर होतो, उलट टाका आठवडाभराने शिकलात तरी चालेल.

३. सुयांऐवजी क्रोशे चालेल का?

मस्त चालेल. क्रोशाच्या सुईवर बहुतेक वेळा एकच फास असतो त्यामुळे अख्खी ओळ गळायची भीती नाही. फक्त तेवढ्याच मापाच्या वस्तूला लोकर जास्त लागते आणि वीण जाड होते. टोपी, शाल, ब्लँकेटला हा जाडपणा चांगला वाटतो. स्वेटर मात्र अंगावर जड होतो, तिथे मी दोन सुयांचंच विणकाम घेते.

४. लोकर कुठली घेऊ? खरी लोकर, अॅक्रिलिक की कॉटन?

वस्तू कोण वापरणार आणि कोण धुणार, आधी हे ठरवा.

खरी लोकर म्हणजे मेंढीची. ती स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओल शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही, म्हणून गार दमट हवेत तिच्याइतकं ऊबदार काही नाही. तिला ताण दिला की ती परत जागेवर येते त्यामुळे बॉर्डर सैल पडत नाही, आणि शिकणाऱ्याचे कमी-जास्त टाके धुतल्यावर बरेच सारखे होतात. पण गरम पाणी आणि घासणं सोसत नाही (का ते प्रश्न २१ मध्ये). पॅकवर सुपरवॉश लिहिलेली लोकर त्यासाठी प्रक्रिया केलेली असते, ती मशीनमध्ये धुता येते, मात्र ओली झाली की लांबते, त्यामुळे तिच्याबाबतीत सॅम्पल (आधी विणून बघायचा छोटा तुकडा, प्रश्न ७) धुऊन बघणं टाळूच नका.

अॅक्रिलिक म्हणजे कृत्रिम धागा. स्वस्त, रंग भरपूर, धुवायला सोपं. लहान मुलांच्या, रोज धुवायच्या कपड्यांना आणि सरावाला उत्तम. त्याच्यावर नाक मुरडणारे लोक भेटतील, लक्ष देऊ नका. दोष दोन आहेत, लवकर गोळे धरतं आणि इस्त्री लागली की वितळल्यासारखं चपटं होतं, ते मग कधीच पूर्ववत होत नाही.

कॉटन छान थंडगार पण थंडीसाठी चुकीचं. जड होतं, ताणलं की परत येत नाही, बाह्या लोंबायला लागतात. सुरुवातीच्या हलक्या गारव्यातल्या जॅकेटला ठीक आहे.

पहिल्या कामाला गुळगुळीत, फिक्या रंगाची, मध्यम जाडीची लोकर घ्या. केसाळ लोकर दुकानात कितीही गोड दिसली तरी नको, तिच्यात टाके दिसत नाहीत आणि उसवायला गेलं की केस एकमेकांत अडकतात.

५. पॅटर्नमध्ये ८ नंबरची सुई लिहिलीये, माझ्याकडची ८ नंबर खूप बारीक वाटते. कोण चुकलं?

कोणीच नाही, नंबर लावायच्या पद्धती दोन आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट जातात. जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते, ८ म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे ३.२५ मिमी, १४ म्हणजे २ मिमी. अमेरिकन पद्धतीत नंबर वाढला की सुई जाड, तिथे ८ म्हणजे ५ मिमी आणि १० म्हणजे ६ मिमी. त्यामुळे नंबर विसरा आणि मिमी बघा. सुईवर काही लिहिलेलं नसेल तर भोकांची मापपट्टी मिळते, ज्या भोकातून सुई अडखळत नाही आणि खुळखुळतही नाही ते तिचं माप.

६. किती लोकर लागेल हे कसं कळणार?

वजनापेक्षा मीटर बघा. ५० ग्रॅमचा एक गुंडा १०० मीटरचा असतो आणि दुसरा २०० मीटरचा, वजन सारखंच पण विणायला मिळणारी लांबी दुप्पट. मध्यम जाडीच्या लोकरीत टोपीला १५० मीटर, मफलरला ४०० ते ५००, मोठ्या माणसाच्या स्वेटरला १००० ते १४०० असा ढोबळ अंदाज ठेवा, केबल (वेणीसारखी वीण) किंवा दोन रंगांची नक्षी असेल तर वर अजून.

आणि गुंड्याच्या कागदी पट्टीवर रंगाच्या नंबराशेजारी लॉट नंबर (एकदम रंगवलेल्या लोकरीचा नंबर) असतो तो सगळ्या गुंड्यांवर एकच आहे ना बघून घ्या. वेगळ्या लॉटमधला तोच रंग दुकानातल्या दिव्याखाली सारखा दिसतो आणि स्वेटर झाल्यावर उन्हात आडवा पट्टा उठून दिसतो. एक गुंडा जास्तच घ्या. वेगळा लॉट घ्यावाच लागला तर दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन नव्या असं थोडा वेळ आलटून पालटून विणा, जोड मिसळून जातो.

७. सॅम्पल विणायलाच पाहिजे का? कंटाळा येतो.

मफलरला नाही विणलं तरी चालेल, मफलर दोन सेंमी रुंद झाला तर कोणाचं काय बिघडतं. अंगात घालायच्या वस्तूला मात्र पाहिजेच, आणि का ते एकदा आकड्यांत बघितलं की परत कोणी टाळणार नाही. पॅटर्नमध्ये १० सेंमीत २२ टाके म्हटलंय आणि तुमचा हात जरा सैल, तुमचे बसतात २०. फरक दोनच टाक्यांचा. पण ११० टाक्यांचा भाग जो ५० सेंमी व्हायला हवा तो होतो ५५, पुढे-मागे मिळून घेर १० सेंमीने वाढला, म्हणजे सरळ दोन साइझ मोठा स्वेटर. ३५ तासांच्या कामाला अर्ध्या तासाचा सॅम्पल, इतकं साधं आहे हे.

कसा करायचा: साधारण १५ सेंमी चौरस विणा, टाके बंद करा, जसा स्वेटर धुणार तसाच धुवा, सपाट वाळू द्या आणि मग मधले १० सेंमी मोजा. कडेचे टाके मोजू नका, ते नेहमी वेगळे बसतात. टाके कमी बसले तर बारीक सुई घ्या, जास्त बसले तर जाड. मुद्दाम घट्ट किंवा सैल विणून जुळवायचा प्रयत्न करू नका, तिसऱ्या संध्याकाळी हात आपल्या सवयीवर परत जातो.

८. मफलर विणतेय पण दोन्ही कडा आत वळून नळी होते. इस्त्री केली तर सरळ होईल का?

नाही होणार, धुऊन थोडं कमी होईल आणि परत वळेल. एक ओळ सुलट एक ओळ उलट असं विणलं की सगळे सुलट टाके एका बाजूला येतात, त्या विणीचा तो स्वभावच आहे. उभ्या कडा मागे वळतात, वरची-खालची कड पुढे. उपाय विणायच्या आधीच करायचा, दोन्ही बाजूंना चार-पाच टाके प्रत्येक ओळीत सुलट ठेवा आणि खाली-वर पाच-सहा ओळींची तशीच पट्टी, किंवा अख्खा मफलरच एक टाका सुलट एक टाका उलट अशा बॉर्डरच्या विणीत करा. आधीच विणून झाला असेल तर तो आता शिवणकामाचा विषय, मागून मऊ कापडाचं अस्तर लावा. कडा बसतात आणि मफलर दुप्पट ऊबदार होतो.

९. ३० टाके घातले होते, आता ३४ आहेत. कुठून आले?

बहुतेक कडेने. ओळ संपवून सुई फिरवल्यावर लोकर सुईच्या वरून मागे गेली की पहिला टाका वर ओढला जातो आणि त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात, तुम्ही दोन्ही विणता. ओळ सुरू करताना लोकर सुईच्या खाली आहे ना बघा. मधेच भोक पडून टाका वाढला असेल तर सुलट-उलट बदलताना लोकर सुईवरून फिरली. सुरुवातीला प्रत्येक ओळीला टाके मोजा, नंतर आपोआप नजरेला कळतं.

१०. टाका गळून पार खाली शिडी झाली. सगळं उसवू?

अजिबात नको. आधी हात थांबवा, वस्तू ओढू नका आणि गळलेल्या फासात सेफ्टीपिन अडकवा म्हणजे तो अजून खाली जाणार नाही. मग क्रोशाची सुई घ्या. सुलट बाजू आपल्याकडे करा, सुई पुढून फासात घाला, वर शिडीची सगळ्यात खालची आडवी पायरी दिसेल ती हुकात पकडून फासातून पुढे ओढा, नवीन फास तयार झाला. परत तेच, पायरी पायरी करत वर या आणि शेवटचा फास डाव्या सुईवर चढवा, पीळ न पडता. वर आल्यावर तो रकाना जरा घट्ट-सैल दिसेल, सुईच्या टोकाने शेजारच्या टाक्यांतून लोकर वाटून घ्या, धुतल्यावर कळतही नाही. सगळ्या ओळी सुलट असलेल्या विणीत एक पायरी पुढून आणि एक मागून घ्यावी लागते एवढंच.

जाळीची किंवा किचकट नक्षी असेल तर आधीच खबरदारी घ्या: दर दहा-बारा ओळींनी वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा बोथट सुईत ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून ओढून ठेवायचा आणि पुढे विणत राहायचं. काही बिघडलं की बिनधास्त सुई काढा आणि उसवा, उसवण त्या दोऱ्यापाशी येऊन थांबते.

११. संध्याकाळी गडद लोकर दिसतच नाही, डोळे दुखतात. काय करू?

दिवस लहान झाले की हा प्रश्न हमखास येतो. काळी, गडद निळी लोकर दिवसाउजेडी विणा आणि संध्याकाळसाठी फिक्या रंगाचं दुसरं काम ठेवा, दोन कामं एकदम चालू असण्यात काही गैर नाही. दिवा डोक्यामागे नको, खांद्याच्या बाजूने, तुमच्या हाताची सावली कामावर पडणार नाही असा. मांडीवर पांढरा टॉवेल टाकलात तर गडद टाक्यांमधून खालचा पांढरा दिसतो आणि प्रत्येक फास वेगळा कळतो. शिवताना काळ्या कापडावर काळी शिलाई उसवायची वेळ आली तर ती मात्र सकाळवर टाका.

१२. थोडं विणलं की मनगट आणि अंगठा दुखतो.

२०-२५ मिनिटांनी थांबा, बोटं पूर्ण उघडा, मनगट हळू फिरवा, खांदे खाली सोडा. बहुतेक वेळा कारण सुया घट्ट आवळून धरणं असतं. जड स्वेटर लांब सरळ सुयांवर असेल तर त्याचं सगळं वजन मनगटावर येतं, तो तारेने जोडलेल्या गोल सुईवर घ्या, पुढे-मागेच विणायचं पण वजन मांडीत राहतं. मुंग्या येत असतील किंवा रात्री दुखत असेल तर विणणं थांबवून डॉक्टरांना दाखवा, हे दुखणं अंगावर काढायचं नाही.

१३. थंडीचे कपडे शिवायला कापड कुठलं आणि ते आधी धुवायलाच हवं का?

अगदी नवीन असाल तर फ्लीस, कापल्यावर धागे सुटत नाहीत त्यामुळे आतल्या कडा तशाच सोडल्या तरी चालतात, आकसतही नाही. फक्त ते सिंथेटिक आहे, गरम इस्त्री लावू नका. त्यानंतर कॉटन फ्लॅनेल, पायजमे आणि शर्टाला याच्यासारखं मऊ काही नाही, पण हे आधी धुवाच. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के सहज आकसतं आणि फ्लॅनेल त्याहून जास्तही, म्हणजे एक मीटर लांबीच्या पायजम्याची पाच सेंमी लांबी गेली. घरी पुढे जसं धुणार तसंच धुवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची आणि मगच कापायचं. खरेदी करताना थोडं जास्त घ्या ते यासाठीच.

कॉर्डरॉय आणि मखमलीला लव असते. हात एका दिशेने फिरवला की गुळगुळीत, उलटा फिरवला की खरखरीत. सगळे भाग एकाच दिशेने कापायचे, नाहीतर एक पाय फिका आणि एक गडद दिसतो. कापड जास्त जातं, ते आधीच धरून चला. इस्त्री उलट्या बाजूने, खाली टॉवेल घालून.

१४. जाड कापडावर मशीन टाके सोडतं आणि खाली दोऱ्याचा गुंता होतो. मशीन बिघडलं का?

बहुतेक वेळा नाही. आधी सुई बदला, आठेक तास शिवून झालं की सुई बोथट होते आणि आपल्याला डोळ्यांनी कळत नाही. सुईवरचे आकडे असे वाचायचे: ८०/१२ मधला ८० म्हणजे ०.८ मिमी जाडी. साध्या सुती कापडाला ८०/१२, फ्लॅनेल-कॉर्डरॉयला ९०/१४, डेनिम आणि कोटाच्या कापडाला १००/१६. होजिअरीसारख्या ताणणाऱ्या कापडाला गोल टोकाची सुई, ती धागे तोडत नाही, बाजूला सारते, फ्लीसवर टाके सुटत असतील तर तीच लावून बघा.

गुंता खाली झाला की सगळे बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) काढून बघतात पण दोष जवळजवळ नेहमी वर असतो. वरचा दोरा ओवताना फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) उचललेला हवा, तेव्हाच ताणाच्या चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्यात बसतो. फूट खाली असताना ओवला तर दोरा चकत्यांच्या बाहेरच राहतो, त्याला ताणच बसत नाही आणि सगळा ढीग कापडाखाली जमतो. पूर्ण दोरा काढा, फूट वर करा, परत ओवा, सुरुवातीचे दोन-तीन टाके दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून शिवा. फ्लीस, फ्लॅनेल शिवल्यावर बॉबिनच्या घरात लोकरीसारखा भुगा साठतो तो ब्रशने काढा, फुंकर मारू नका, भुगा अजून आत जातो.

जाड शिवणीच्या उंचवट्यावर फूट तिरका झाला की टाके अडतात. तिथे फुटाच्या मागच्या बाजूला त्याच जाडीची कापडाची घडी सरकवा, फूट सपाट होतो आणि मशीन पुढे जातं.

१५. जॅकेटला अस्तर लावलंच पाहिजे का?

फ्लीसला नको. लोकरीच्या कापडाला लावा, नाहीतर खाली घातलेल्या शर्टाला ते चिकटतं आणि टोचतंही. अस्तर बाहेरच्या कापडाएवढंच कापू नका, पाठीच्या मध्यावर दोन-अडीच सेंमीची एक उभी चुणी ठेवा, हात पुढे घेतला की ती उघडते, नाहीतर अस्तर बगलेत फाटतं. अस्तराचं कापडही आधी धुवा, प्रश्न १३ प्रमाणेच.

१६. विणून झालेला स्वेटर उबडधोबड दिसतोय. आता काय?

आता धुवा, विणकाम धुतल्यावरच पूर्ण होतं. कोमट पाण्यात सौम्य साबण, १५-२० मिनिटं भिजू द्या, घासू नका, पिळू नका. दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उचला, कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करून तिच्यावर उभे राहा, पाणी टॉवेलमध्ये उतरतं. मग सपाट जागी मापात पसरून कडांना टाचण्या लावून वाळवा. दोरीवर टांगला तर ओल्या वजनाने गुडघ्यापर्यंत येईल. अॅक्रिलिकला इतकं करून फारसा फरक पडत नाही, त्याला इस्त्रीची वाफ दोन-तीन सेंमी वरून द्यायची, इस्त्री टेकवायची नाही. शक्यतो भाग जोडण्याआधी धुवा, सरळ कडा जोडायला फार सोप्या जातात.

१७. टोपी कपाळाला टोचते. मऊ कशी करू?

टोचणं येतं जाड तंतूंमुळे, साधारण ३० मायक्रॉनच्या पुढचे तंतू त्वचेत वाकण्याऐवजी रुततात. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर बारीक असते म्हणून कमी टोचते. धुताना केसांचं कंडिशनर थोडं घातलं तर काही दिवस बरं वाटतं, कायमचा उपाय मात्र शिवणकामातला: आतल्या कडेला पाच-सहा सेंमी रुंदीची फ्लीसची पट्टी, पट्टी ताणता येईल त्याच दिशेने कापायची आणि हाताने सैल टाक्यांनी शिवायची, कारण मशीनची सरळ शिलाई टोपी ताणली की तुटते.

१८. बाळासाठी काय विणू आणि काय टाळू?

टोपी, मोजे, पुढून उघडणारा स्वेटर. डोक्यावरून घालायचं बाळांना आवडत नाही. मोठी भोकं असलेली जाळी नको, बोटं अडकतात. गळ्याला लोंबणारे बंद आणि गोंडे नकोत. बटणं लावलीत तर घट्ट, आणि दर धुण्यानंतर ओढून बघा. केसाळ लोकर नको, केस तोंडात जातात. ब्लँकेट सुंदर भेट आहे, पण एक वर्षाच्या आतलं बाळ झोपलं असताना सुटं पांघरूण त्याच्याजवळ ठेवू नये, त्यामुळे ते जागं असताना, बाबागाडीत वगैरे, तुमच्या नजरेसमोर वापरायला. हातमोजे-टोप्यांच्या आत लोंबणारे दोरे राहिले नाहीत ना हेही तपासा.

१९. मागच्या थंडीतला अर्धा स्वेटर सापडलाय. तिथूनच पुढे विणू?

आधी बघा सुई कुठली होती, आणि झालेल्या भागावर १० सेंमीत किती टाके बसतात ते मोजा. मग पाच-सहा ओळी विणून परत मोजा. वर्षभरात हात बदलतो आणि एका जागी रेघ पडल्यासारखी दिसते. फरक अर्ध्या टाक्याच्या आत असेल तर पुढे जा. जास्त असेल तर सुई अर्ध्या मिमीने बदलून बघा. बाह्या राहिल्या असतील तर दोन्ही एकदम एकाच लांब गोल सुईवर दोन वेगळ्या गुंड्यांनी विणा, दोन्ही सारख्या लांबीच्या होतात आणि दुसऱ्या बाहीला कंटाळा यायचा प्रश्नच मिटतो.

२०. जुना स्वेटर उसवून लोकर परत वापरता येते का? आणि कसर लागलेली असेल तर?

येते, पण आधी स्वेटर उलटा करून शिवण बघा. भाग विणूनच आकार दिलेले असतील आणि शिवण साखळीसारखी उसवत असेल तर लांबच लांब लोकर निघते. कड मशीनने कापून ओव्हरलॉक केलेली असेल तर प्रत्येक ओळीला तुकडा हातात येईल, त्याचं वेगळं काहीतरी करा (प्रश्न २१). उसवलेली लोकर नागमोडी असते, लड करून चार जागी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा, टांगून वाळवा. सरळ झाली की मगच विणा, नाहीतर टाके एकसारखे येत नाहीत.

कसरीची भोकं असतील तर सगळ्यात आधी बंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये -१८ अंशाला दोन आठवडे ठेवा. लोकर खाते ती अळी, उडणारा छोटा पतंग नाही, त्यामुळे पतंग मारून भागत नाही. ठेवणीतले कपडे धुऊन ठेवणं हाच खरा बचाव आहे, घामाचे आणि खाण्याचे डाग असलेल्या जागा अळीला जास्त आवडतात.

२१. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात गेला आणि बाहुलीच्या मापाचा झाला. परत मोठा होईल?

थोडा आकसला असेल तर कंडिशनरच्या कोमट पाण्यात भिजवून ओढून एखाद-दोन सेंमी मिळतील. पार घट्ट जाड झाला असेल तर नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, गरम पाणी, साबण आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. पण असं आटलेलं कापड शिवायला फार सुंदर असतं! कापलं तरी उसवत नाही. गरम पाण्याच्या पिशवीचं कव्हर, हातमोजे, चपलांचे आतले तळ शिवा, १००/१६ ची सुई आणि मोठा टाका ठेवून. स्वेटरची तयार बॉर्डर हातमोज्यांच्या मनगटावर येईल असा कागद मांडून कापला तर ती कड वेगळी करावी लागत नाही.

२२. हाताने विणलेला, न आटलेला स्वेटर मधून कापून चेन लावता येते का? सगळं उसवणार नाही?

येते, आणि खऱ्या लोकरीत भीती वाटते त्यापेक्षा सोपं असतं, कारण तंतू एकमेकांना धरून ठेवतात. गुळगुळीत सुपरवॉश, कॉटन, रेशीम असेल तर मी करू नका म्हणेन. आधी मध्यावरच्या टाक्यांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत वेगळ्या रंगाचा कच्चा दोरा घाला, हीच कापायची रेघ. तिच्या दोन्ही बाजूंना एक-एक टाका सोडून मशीनवर लहान झिगझॅग मारा आणि त्याच्यावर परत एकदा मारा, विणीखाली पातळ कागद ठेवला तर ती ताणली जात नाही आणि कागद नंतर फाडून काढता येतो. मग मधून धारदार लहान कात्रीने एकेक आडवी पायरी कापत जा, झिगझॅगचा दोरा कापला जाणार नाही एवढं बघा.

कापलेली कड आत दुमडून वरून रिबन हाताने शिवा. चेन लावताना ती विणीच्या लांबीला न ओढता टाचण्यांनी बसवा, आधी कच्च्या दोऱ्याने टाका, स्वेटर घालून आरशात बघा. चेन लाटेसारखी दिसत असेल तर वीण ताणली गेलीये, कच्चा दोरा काढून परत बसवा. चेनऐवजी बटणं हवी असतील तर बटणांच्या बाजूला आतून जाड विणीची रिबन लावाच, आणि प्रत्येक बटणामागे रिबनवर एक छोटं चपटं बटण ठेवून दोन्ही एकत्र शिवा, म्हणजे ओढ विणीवर न येता आतल्या बटणावर येते.